चौदा बिटांचं यंत्र आणि तंबोऱ्याची आस

१९८२च्या ऑक्टोबरमध्ये जपानात सोनीचा सीडीपी-१०१ हा पहिला सीडी प्लेयर विकायला आला. पाठोपाठ युरोपात फिलिप्सचा सीडी-१०० आला. दोन्ही यंत्रांत घालायची तबकडी एकच. तिच्यावर आवाज आकड्यांत साठवलेला असतो : सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे त्या त्या क्षणाच्या आवाजाची मोजमापं, आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा, म्हणजे शून्य-एकाच्या सोळा घरांत लिहिलेला. पण फिलिप्सच्या यंत्रात या आकड्यांचा पुन्हा आवाज करणारी जी चिप बसवली होती, टीडीए-१५४०, ती होती १४ बिटांची. तबकडीवर सोळा, यंत्रात चौदा. आज एखाद्या कंपनीने असं काही बाजारात आणलं तर संध्याकाळपर्यंत तिची लक्तरं वेशीवर टांगली जातील. आणि तरीही ती चिप असलेली जुनी यंत्रं आजही शौकीन लोक शोधून शोधून विकत घेतात, दुरुस्त करतात आणि प्रेमाने ऐकतात.

डिजिटल आवाजाबद्दल कुणी मला विचारलं की मी ही गोष्ट आधी सांगते. हल्ली खोक्यांवर २४ बिट, ३२ बिट असे आकडे ठसठशीत छापलेले असतात आणि घेणाऱ्याला वाटतं की आकडा जितका मोठा तितकं गाणं जवळ येणार. हे वाटणं मी हलक्यात घेत नाही. आमची पिढी कॅसेटच्या सू-सू आवाजातून आणि रेडिओच्या खरखरीतून गाणं वेचत वाढली. काहीतरी आपल्यापर्यंत पोचायचं राहून जातंय ही हुरहुर तेव्हापासूनची आहे. म्हणूनच बिट वाढले की नेमकं काय वाढतं, हे नीट समजून घ्यावंसं वाटतं.

फिलिप्सवर ही वेळ का आली ते आधी पाहू. नेदरलँड्समधल्या आयंडहोवेनमध्ये मार्च १९७९मध्ये त्यांनी सीडीचं प्रात्यक्षिक जगासमोर मांडलं, तेव्हा त्यांचा सगळा हिशोब १४ बिटांचाच होता. पुढे सोनीबरोबर बोलणी झाली. सोनीने १६चा आग्रह धरला आणि १९८०मध्ये ठरलेल्या मानकात १६ लिहिले गेले. फिलिप्सच्या अभियंत्यांकडे १६ बिटांची चिप तयार नव्हती, १४ची होती. आणि १४ची बनवणं हेही त्या काळी सोपं काम नव्हतं. अशा चिपमध्ये प्रत्येक बिटासाठी ठरावीक विद्युतप्रवाह लागतो आणि पुढचा मागच्याच्या बरोबर दुप्पट असावा लागतो. १६ बिट म्हटले की सर्वांत मोठा प्रवाह सर्वांत लहानाच्या ३२,७६८ पट हवा. त्या मोठ्या प्रवाहात चूक चालते ती फार तर लहानाच्या निम्म्याइतकी, म्हणजे साधारण पासष्ट हजारांत एक भाग. सिलिकॉनवर कोरलेले दोन शेजारी घटकसुद्धा इतके तंतोतंत सारखे निघत नाहीत. फिलिप्सच्या चिपमध्ये त्यावर एक फार देखणा उपाय होता. मोठ्या बिटांचे प्रवाह देणारे स्रोत आपसात सतत अदलाबदल करत राहायचे. प्रत्येकाची लहानमोठी चूक आळीपाळीने सगळ्यांच्या वाट्याला यायची आणि सरासरीत विरून जायची.

उरलेल्या दोन बिटांची भरपाई त्यांनी वेगाने केली. सेकंदाला ४४,१०० ऐवजी चौपट, म्हणजे १,७६,४०० नमुने चिपला द्यायचे. मधले नमुने गणिताने काढायचे. शिवाय १६ बिटांचा आकडा १४त बसवताना जी बाकी उरेल ती टाकून न देता पुढच्या नमुन्यात मिळवायची. आकडा लहान घरात बसवताना होणाऱ्या चुकीचा जो गोंगाट होतो तो पहिल्या युक्तीने चौपट रुंद पट्ट्यात पसरतो, कानाच्या वाट्याला त्याचा चौथा हिस्सा येतो आणि ६ डेसिबल फायदा होतो. दुसऱ्या युक्तीने तो गोंगाट कानाला ऐकू न येणाऱ्या उंच कंप्रतांकडे (फ्रिक्वेन्सींकडे) ढकलला जातो आणि आणखी ७ डेसिबल मिळतात. सर्वांत मोठा आवाज आणि गोंगाट यांच्यातलं अंतर चौदा बिटांत ८४ डेसिबल, त्यात ६ आणि ७. बेरीज ९७. सोळा बिटांची मर्यादा जवळजवळ तीच आहे.

तिकडे सोनीच्या यंत्रात खरी १६ बिटांची चिप होती. मात्र ती एकच होती आणि डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंसाठी आळीपाळीने वापरली जायची. त्यामुळे दोन बाजूंमध्ये सुमारे ११ मायक्रोसेकंदांचा फरक पडायचा. चौपट वेगाची सोय नसल्याने २० किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापायला एक अतिशय तीव्र उताराचा फिल्टरही लावावा लागला होता. दोन्ही यंत्रं आपापल्या जागी थोर आहेत. पण खोक्यावरच्या एका आकड्याने त्यांच्या आवाजाबद्दल काय कळलं असतं?

पुढची दहा वर्षं तर आणखी बोलकी आहेत. प्लेयरच्या दर्शनी पट्टीवर आधी १६, मग १८, मग २० असे आकडे चढत गेले. आणि मग फिलिप्सने 'बिटस्ट्रीम' आणलं, मात्सुशिताच्या (आजच्या पॅनासॉनिकच्या) यंत्रांवर 'मॅश' झळकलं आणि अभिमानाने लिहिलं जाऊ लागलं : १ बिट! वीसवरून एकदम एकावर. टोकियो विद्यापीठात इनोसे आणि यासुदा यांनी १९६२मध्ये मांडलेली डेल्टा-सिग्मा पद्धत यामागे होती. बिट एकच, पण तो इतक्या वेगाने चालू-बंद करायचा आणि चूक इतक्या काटेकोरपणे पुढे ढकलत न्यायची की ऐकू येणाऱ्या पट्ट्यात गोंगाट जवळपास उरत नाही. १९९९मध्ये आलेल्या सुपर ऑडिओ सीडीत तर साठवणच १ बिटाची आहे, सेकंदाला २८,२२,४०० वेळा. एका बिटाला वेगवेगळ्या प्रवाहांची पासष्ट हजारांत एक इतकी काटेकोर बरोबरी सांभाळावी लागत नाही, हाच त्याचा मोठा गुण. आजच्या बहुतेक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे आकड्यांचा आवाज करणाऱ्या चिपमध्ये, याच पद्धतीचे वंशज आहेत, एकाऐवजी थोडे जास्त बिट घेऊन.

मग बिट म्हणजे आहे तरी काय?

आपल्या मनात एक चित्र ठसलेलं असतं. गुळगुळीत लाट, तिच्यावर जिन्यासारख्या पायऱ्या. १६ बिटांत पायऱ्या ६५,५३६. २४ बिटांत १,६७,७७,२१६. पायऱ्या बारीक म्हणजे आवाज गुळगुळीत. हे चित्र मला मनापासून खटकतं, कारण ते पहिल्या नजरेला पटतं आणि त्यातून निघणारी प्रत्येक गोष्ट चुकते. कन्व्हर्टरच्या बाहेर जिना येतच नाही. फिल्टरमधून जे बाहेर पडतं ते सलग, गुळगुळीत वळणच असतं, १६ बिटांचं असो वा ८ बिटांचं. पूर्णांकात बसवताना झालेली चूक मूळ आवाजाच्या शेजारी एक वेगळा आवाज म्हणून येते. ती चूक नीट हाताळली तर तो निव्वळ सू-सू आवाज असतो आणि नीट हाताळली नाही तर किरकिर. प्रत्येक वाढीव बिट हा शेजारचा आवाज ६ डेसिबलने खाली नेतो. बिटाचं काम इतकंच आहे. तो गाण्यात बारकावे भरत नाही, गाण्याखालची शांतता खोल करतो.

हे ऐकून बघायचं असेल तर घरी करता येतं आणि मी प्रत्येकाला ते करायला सांगते. माझ्याकडे मिरजेचा एक जुना तंबोरा आहे. खर्जाची तार एकदा छेडायची आणि पूर्ण विरेपर्यंत रेकॉर्डिंग चालू ठेवायचं. या परीक्षेसाठी तंबोऱ्यासारखं वाद्य नाही. रुंद घोडीवर, तारेखाली सरकवलेल्या जवारीच्या धाग्यामुळे, तार अशी काही बोलते की नेमाने जे स्वरांश (मूळ स्वरासोबतचे वरचे स्वर) उमटायला नकोत तेही उमटतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१मध्ये यावर लिहिलं होतं. तार विरताना हे स्वरांश एकामागून एक उजळतात, मावळतात, पुन्हा वर येतात आणि सगळं मिळून हळूहळू शांततेत उतरतं. त्या आसेला, म्हणजे तार छेडल्यावर रेंगाळणाऱ्या नादाला, वाटेतल्या प्रत्येक पातळीवरून जावं लागतं, त्यामुळे कुठे काही बिघडलं तर लपत नाही.

आता ऑडॅसिटीसारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्या रेकॉर्डिंगच्या दोन प्रती करायच्या, दोन्ही ८ बिटांच्या. फरक लगेच कळावा म्हणून मुद्दाम इतके कमी. एक प्रत डिदर (मुद्दाम मिसळलेला सूक्ष्म गोंगाट) बंद ठेवून, दुसरी त्याचाच एक प्रकार असलेला त्रिकोणी डिदर चालू ठेवून. पहिली ऐकताना सुरुवातीचा आघात ठीक वाटतो. मग आस जशी उतरते तशी तिला किरकिर लागते, स्वरांश चुरगळल्यासारखे होतात आणि एका क्षणी आवाज कापल्यासारखा नाहीसा होतो. तार अजून बोलत असते, पण तिचं हलणं अर्ध्या पायरीहून लहान झालेलं असतं आणि यंत्र त्याला शून्य म्हणतं. दुसरी प्रत लावली की आधी सू-सू आवाज कानावर येतो, डॉल्बी (कॅसेटचा गोंगाट कमी करणारी सोय) नसलेल्या कॅसेटसारखा. पण त्या सू-सूमागे तंबोरा अखंड आहे. किरकिर नाही, तुटणं नाही. आस सू-सूच्या पातळीला येते आणि तिच्याही खाली उतरते, आणि कान तिचा माग काढत जातो. गोंगाटाखालचा स्वर ओळखण्याचं कसब कानाला जन्मजात आहे.

डिदर म्हणजे पूर्णांक करण्याआधी मुद्दाम मिसळलेला अगदी सूक्ष्म, अनियमित गोंगाट. समजा खरी पातळी दोन पायऱ्यांच्या मध्ये, खालच्या पायरीपासून ०.३ वर आहे. गोंगाट नसेल तर प्रत्येक वेळी उत्तर खालची पायरीच येणार आणि ते ०.३ कायमचं हरवणार. गोंगाट मिसळला की उत्तर कधी खालचं येतं, कधी वरचं, आणि सरासरी निघते बरोबर ०.३. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठातले व्हँडरकूय आणि लिपशिट्झ यांनी १९८४मध्ये हे आवाजाच्या संदर्भात नीट मांडून दाखवलं. शेवटच्या बिटाच्या खालीही आवाज जिवंत राहतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ नुसती बसून राहिले होते. गोंगाट मिसळल्याने बारकावा वाचतो ही गोष्ट मनाला पटायला वेळ लागतो. कानाला मात्र लगेच पटते.

याहून नेमका एक प्रयोग आहे. २४ बिटांचं चांगलं रेकॉर्डिंग घ्यायचं, डिदर लावून त्याची १६ बिटांची प्रत करायची. मग एक प्रत उलटी करून, म्हणजे अधिकचं उणे करून, दोन्ही एकत्र मिसळायच्या. जे दोन्हींत सारखं आहे ते एकमेकांना खोडून टाकतं आणि उरतो तो फक्त फरक. उतरण्यात जे काही गमावलं ते सगळं या उरलेल्या फाइलमध्ये असायला हवं. नेहमीच्या आवाजाला ती ऐकू येत नाही. तिची पातळी कमाल आवाजाच्या ९३ डेसिबल खाली असते. साठ-सत्तर डेसिबलने वर उचलली की ऐकू येते, आणि तिच्यात ना स्वर असतो, ना शब्द, ना तबल्याची थाप, ना सभागृहाचा घुमारा. एकसारखा सू-सू आवाज, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. हाच प्रयोग डिदर न लावता, नुसते खालचे बिट छाटून केला तर उरलेल्या आवाजात गाण्याच्या हळुवार जागांपाशी किरकिर सापडते. दोष कुठे होता ते मग कानाने कळतं.

आता वरच्या टोकाला जाऊ. २४ बिटांची कागदावरची मर्यादा १४६ डेसिबल. साधारण कन्व्हर्टरचं कमाल आउटपुट २ व्होल्ट धरलं तर शेवटच्या बिटाची पायरी येते सुमारे ०.३४ मायक्रोव्होल्टची. खोलीच्या तापमानाला १ किलोओहमचा साधा रेझिस्टर, ज्याला काहीही जोडलेलं नाही, तो नुसता तिथे असतो म्हणून ऐकू येणाऱ्या पट्ट्यात अर्ध्या मायक्रोव्होल्टहून जास्त गोंगाट करतो. त्याच्यातले इलेक्ट्रॉन उष्णतेने थरथरत असतात. बेल लॅब्जमधल्या जॉन्सन आणि नायक्विस्ट यांचे याविषयीचे लेख १९२८चे आहेत. कुठल्याही कंपनीला यातून सुटका नाही. सोनाराचा काटा कितीही बारीक दाखवणारा असो, डोक्यावर पंखा फिरत असेल तर शेवटचे आकडे वाऱ्याचेच असतात. आजचे उत्तमातले उत्तम कन्व्हर्टर १२० ते १३० डेसिबलपर्यंत जातात, म्हणजे खरे बिट वीस-एकवीस. मग ३२ बिट कशाला म्हणायचं? चिप ३२ बिटांचा आकडा स्वीकारू शकते, याला. त्या आकड्यातले खालचे अकरा-बारा बिट तारेपर्यंत पोचत नाहीत, रेझिस्टरच्या थरथरीत बुडून जातात. हल्ली सुटे रेझिस्टर शिडीसारखे रचून केलेल्या कन्व्हर्टरना पुन्हा मागणी आली आहे, आणि त्यांच्यावरही २४ लिहिलेलं असतं. ०.०१ टक्का अचूकतेचा रेझिस्टर म्हणजे दहा हजारांत एक भाग, म्हणजे तेरा आणि चौदा बिटांच्या मधली अचूकता. त्यांचा आवाज कुणाला आवडत असेल तर त्यात गैर काही नाही. पण तो २४ बिटांचा आवाज आहे असं मात्र म्हणू नये.

आपली घरंही पाहा. रात्री उशिरा, खिडक्या लावून, पंखा बंद करून बसलं तरी शहरातल्या फ्लॅटमध्ये तीसेक डेसिबलचा वावर असतोच. शेजारच्या पाण्याच्या टाकीचा, फ्रिजचा, लांबच्या रस्त्याचा. डिदर लावलेल्या १६ बिटांचा गोंगाट या पातळीला पोचायचा असेल तर गाण्याचं शिखर १२३ डेसिबलला न्यावं लागेल. तिथे कान दुखतात. कान गोंगाटाखालचंही थोडं ऐकतो हे मी वर म्हटलंच आहे, पण त्याचाही बंदोबस्त झालेला आहे. डिदरचा गोंगाट कान जिथे मंद असतो त्या उंच कंप्रतांकडे वळवता येतो. सोनीची सुपर बिट मॅपिंग हे अशाच पद्धतीचं नाव, आणि तिने केलेल्या १६ बिटांच्या सीडीत कानाला जाणवणारी शांतता १६हून जास्त बिटांची असते.

आणि मुळात रेकॉर्ड होतं ते काय? एखाद्या दिवाणखान्यातली बैठक घ्या. तीसचाळीस माणसं, सतरंजी, दोन तंबोरे. लोक श्वास रोखून बसले तरी खोलीची पातळी पस्तीसच्या आसपास असते. गाणाऱ्यासमोरच्या माइकपाशी चढ्या तानेत किंवा जवळच्या तबल्याच्या थापेत शिखर ११५पर्यंत जातं असं धरू. मधलं अंतर ८० डेसिबल, म्हणजे तेरा-चौदा बिट. आयंडहोवेनच्या माणसांचा मूळ हिशोब वेडगळ नव्हता. डेनॉनने १९७२मध्ये ज्या यंत्रावर व्यावसायिक डिजिटल रेकॉर्डिंग सुरू केलं ते १३ बिटांचं होतं आणि त्याच वर्षापासून बीबीसी आपले एफएम कार्यक्रम १३ बिटांत ट्रान्समीटरपर्यंत पोचवू लागली. आपल्या संगीतात तर तंबोरा कधी थांबतच नाही. खयाल सुरू झाला की संपेपर्यंत ती निखळ शांतता, जिच्यात शेवटचे बिट उघडे पडावेत, येतच नाही. गाण्याखाली आपण स्वतःहून एक सुरेल तळ पसरून ठेवलेला असतो.

मग लोकांना फरक ऐकू येतो तो कसला? २००७मध्ये मेयर आणि मोरन यांनी बॉस्टनच्या परिसरातल्या श्रोत्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. सुपर ऑडिओ सीडी आणि डीव्हीडी-ऑडिओचा आवाज एकदा थेट आणि एकदा वाटेत १६ बिटांच्या, ४४.१ किलोहर्ट्झच्या फेऱ्यातून नेऊन ऐकवला, कुठला कुठला ते न सांगता. ५५४ उत्तरांपैकी २७६ बरोबर आली, म्हणजे नाणं उडवल्यासारखी. आवाज खूपच मोठा करून हळुवार जागा ऐकल्या तेव्हा मात्र १६ बिटांचा सू-सू ओळखू आला. २०१६मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातले जोशुआ राइस यांनी १८ प्रयोगांची एकत्र छाननी केली. त्यांना बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२.३ टक्के मिळालं. फरक लहान, पण निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही असा. मात्र त्यात बिट आणि नमुन्यांचा वेग दोन्ही मिसळलेले आहेत, त्यामुळे त्यातून बिटांच्या बाजूने काही सिद्ध होत नाही. मेयर-मोरन यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली होती आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते. त्या महागड्या तबकड्यांचा आवाज बहुतेक सीडींपेक्षा चांगलाच होता. कारण त्या बनवणाऱ्यांनी त्या काळजीने बनवल्या होत्या, आवाज दाबून दाबून मोठा केला नव्हता. आणि तो चांगुलपणा १६ बिटांच्या फेऱ्यातून जसाच्या तसा पार पडत होता.

माझ्या भाच्याचा एकदा फोन आला, "आत्या, बत्तीस बिटांचा डॅक घेतलाय. येऊन ऐक, गाणं उघडल्यासारखं वाटतंय." डॅक म्हणजे वर सांगितलेला कन्व्हर्टरच, वेगळ्या डबीत. मी गेले, आणि खरंच उघडल्यासारखं वाटत होतं. त्याचा आनंद खोटा नव्हता, म्हणून कारण शोधावंसं वाटलं. आम्ही दोघांनी १ किलोहर्ट्झचा सूर लावून मल्टीमीटरने जुन्या आणि नव्या यंत्राचं आउटपुट मोजलं. नवं चांगलंच मोठं होतं. आवाज अर्धा डेसिबल जरी वाढला तरी कान त्याला मोठा म्हणत नाही, चांगला म्हणतो. दोन्ही सारखे केल्यावर हळू ऐकताना फरक सांगता येईना. पण आवाज थोडा चढवला की मोबाइलच्या टोकाला लावायचं ते जुनं अडॅप्टर त्याच्या ३०० ओहमच्या हेडफोनवर फाटत होतं आणि नवं फाटत नव्हतं. नव्या यंत्रात दमदार अँप्लिफायर होता. सुधारणा खरी होती, तिचं श्रेय फक्त दुसऱ्याच भागाला जात होतं. मी म्हटलं, "ठेव हे. पण पुढच्या वेळी बिट बघू नकोस, तुझ्या हेडफोनला पुरेल एवढी ताकद आहे का ते बघ." आणि ब्लूटूथवर ऐकत असशील तर नेहमीच्या कोडेकमध्ये (आवाज आटवून पाठवण्याच्या पद्धतीत) मूळ आवाजातलं बरंच काही आधीच गाळलेलं असतं, तिथे २४ की १६ ही चर्चाच उरत नाही, हेही सांगितलं.

जास्त बिट ऐकतानाही उपयोगी पडतात अशी एक जागा आहे आणि ती मान्य करायलाच हवी. व्हॉल्यूम हल्ली बहुधा आकड्यांतच कमी केला जातो. १६ बिटांचं गाणं ४० डेसिबलने उतरवून १६ बिटांच्याच चिपला दिलं तर हातात नऊ-दहा बिट उरतात. चिपला २४ बिट घेता येत असतील तर गाण्याचे सगळे बिट खाली सरकूनही शाबूत राहतात, आणि मर्यादा फक्त चिपच्या स्वतःच्या गोंगाटाची उरते.

पण २४ बिटांवर माझा जीव जडला आहे तो रेकॉर्डिंग करताना. ऐकताना सगळं घडून गेलेलं असतं. सर्वांत मोठा आवाज किती, सर्वांत हळू किती, हे फाइलमध्ये पक्कं झालेलं असतं. रेकॉर्डिंगच्या वेळी पुढे काय होणार हे कुणालाच माहीत नसतं. गाणाऱ्या बाई माइक तपासताना मध्य सप्तकात दोन ओळी गुणगुणतात, तबलजी दोनचार बोल वाजवतात, आणि त्यावरून लेव्हल ठरवायची असते. तासाभराने द्रुतात, लोकांची दाद मिळाल्यावर, हीच माणसं पंधरा-वीस डेसिबल वर गेलेली असतात. डॅटच्या (डिजिटल टेपच्या) काळात १६ बिटांवर काम करणाऱ्यांना लेव्हल टोकाच्या जवळ ठेवावी लागे, नाहीतर मंद्र सप्तकातला विस्तार गोंगाटाच्या शेजारी जाऊन बसे. आणि शून्याच्या, म्हणजे डिजिटल मोजणीतल्या कमाल पातळीच्या, वर गेलं की डिजिटल आवाज नुसता कापला जातो. टेपसारखा तो हळूहळू फाटत नाही. समेवरची ती एक थाप, ती एक तान गेली की गेली. २४ बिटांत मी शिखरं उणे १८च्या आसपास ठेवते आणि गाण्यात लक्ष घालते. वर १८ डेसिबल मोकळी जागा, खाली खोलीच्या शांततेहूनही खाली असलेला कन्व्हर्टरचा तळ. अलीकडच्या काही रेकॉर्डरमध्ये कमी आणि जास्त गेनचे (आवाज वाढवण्याच्या प्रमाणाचे) दोन कन्व्हर्टर एकाच वेळी चालतात आणि ३२ बिट फ्लोटमध्ये (दशांश चिन्ह सरकतं ठेवणाऱ्या आकड्यांत) जोडले जातात, तिथे तर लेव्हल ठरवण्याचीही चिंता फारशी राहत नाही. माइक आणि त्याचा प्रीअँप (माइकचा क्षीण आवाज वाढवणारा भाग) मात्र फाटता कामा नये, त्यांना हे कवच मिळत नाही. पुढे संकलन करतानाही आवाज पुन्हा पुन्हा गुणला, मिसळला जातो आणि प्रत्येक वेळी थोडी बाकी उरते. तिथेही जास्त बिटच लागतात. सगळं आटोपल्यावर श्रोत्याला द्यायची प्रत डिदर लावून १६ बिटांची केली तर त्याच्या पदरातलं काहीही कमी होत नाही.

महाराष्ट्रात कितीतरी घरांच्या कपाटांत आज जुन्या बैठकींच्या कॅसेट पडून आहेत. कुणाच्या आजोबांनी पुढे बसून, मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन केलेल्या. डॉल्बी नसलेल्या साध्या कॅसेटची मर्यादा पन्नास-पंचावन्न डेसिबल, म्हणजे जेमतेम नऊ बिट. तरी ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना, आयासा, अशा टेपसुद्धा २४ बिटांत, किमान ४८ आणि शक्यतो ९६ किलोहर्ट्झला उतरवून ठेवायला सांगते, आणि ते मला पूर्ण पटतं. टेप दरवर्षी थोडी थोडी खराब होते आहे, चांगले डेक (कॅसेट वाजवणारी यंत्रं) दुर्मीळ होत आहेत, उतरवायची संधी बहुधा एकदाच मिळणार. अशा वेळी लेव्हलच्या अंदाजावर काही अवलंबून ठेवू नये.

त्यामुळे करायचं असेल तर आताच करा. स्वस्तातल्या २४ बिट इंटरफेसनेही (आवाज संगणकात नेणाऱ्या यंत्रानेही) चालेल, पैसे डेकच्या दुरुस्तीवर घाला. हेड आणि पिंच रोलर (टेप ओढणारं रबरी चाक) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या. मग कॅसेट चालू ठेवून हेडशेजारचा अझिमथचा (हेडच्या कोनाचा) स्क्रू बारीक स्क्रूड्रायव्हरने अगदी किंचित फिरवा, तंबोऱ्याची जवारी सर्वांत उजळ ऐकू येईल तिथे थांबा. प्रत्येक कॅसेटसाठी ती जागा वेगळी असते आणि कुठल्याही बिटांनी जे मिळणार नाही ते इथे मिळतं. शिखरं उणे बारा ते अठराच्या मध्ये ठेवा. गोंगाट काढायचं सॉफ्टवेअर मूळ प्रतीवर चालवू नका, वेगळी प्रत करा. आणि फाइल बंद करण्याआधी तिच्या नावात गाणाऱ्याचं नाव, राग, साथीला कोण, गाव आणि साल लिहा. पाठीमागून "वाहवा" म्हणणारा आवाज कुणाचा तेही, ओळखणारं माणूस घरात आहे तोवर विचारून घ्या.